जुना अँप्लिफायर दुरुस्त करताय? आधी खरा चोर ओळखा!

वाचकहो, तुमच्या माळ्यावर, देवळाच्या कोठीत किंवा भजनी मंडळाच्या सामानात जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर धूळ खात पडला असेल, तर त्याला एकदम प्लग लावू नका. वीस-तीस वर्षे बंद असलेले यंत्र बटण दाबताच गाऊ लागेल, ही आशा महागात पडते. का, ते एका नामांकित यंत्राच्या उदाहरणावरून पाहू.

इंग्लंडमधील हंटिंग्डन येथे पीटर वॉकर यांच्या कारखान्यात १९५३ पासून 'क्वाड टू' हा अँप्लिफायर तयार होऊ लागला. ताकद अवघी १५ वॉट, पण आवाज इतका स्वच्छ की शौकीन आजही तो जपून वापरतात. यात 'केटी ६६' नावाचे दोन मोठे व्हॉल्व्ह असतात.

हे यंत्र बिघडले की त्यातला १८० ओहमचा एक रेझिस्टन्स बहुधा काळा पडलेला दिसतो. घाईचा कारागीर तेवढाच बदलतो. यंत्र चार दिवस चालते आणि पुन्हा तोच जळतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार!

खरा चोर दुसरीकडेच लपलेला असतो. व्हॉल्व्ह चालायला तीनशेहून अधिक व्होल्टचा दाब लागतो. एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात फक्त आवाजाच्या लहरी जाव्यात, हा दाब जाऊ नये, म्हणून मध्ये एक छोटा कंडेन्सर बसवलेला असतो. वयोमानाने तो पाझरू लागतो. मग दाब थेट केटी ६६ पर्यंत पोचतो, व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर वीज ओढतो, त्याच्या आतला पत्रा लालबुंद होतो. ती सारी वीज त्या गरीब रेझिस्टन्समधून जाते आणि तो जळतो. तरीही यंत्र चालूच ठेवले तर ट्रान्सफॉर्मर जातो.

पंपाच्या मोटारीचे वाइंडिंग जळणे म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. मोटार तालुक्याला भरून मिळते. आवाजाच्या ट्रान्सफॉर्मरचे थर मात्र विशेष हिशेबाने गुंडाळलेले असतात, तसे भरून देणारा कारागीर विरळा. कंडेन्सर थोड्या पैशांत मिळतो. केटी ६६ व्हॉल्व्ह आजही चीन आणि स्लोव्हाकियात तयार होतात. म्हणून जपायचा तो ट्रान्सफॉर्मर!

कोणताही जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर असो, पुढील क्रम पाळावा :

१) यंत्र किती व्होल्टचे आहे ते पाहावे. अमेरिकेतले यंत्र ११० ते १२० व्होल्टचे असते. आपल्या २३० व्होल्टवर ते जळून जाईल.

२) मऊ ब्रशने धूळ काढावी. कोणता व्हॉल्व्ह कोठे होता ते लिहून ठेवावे. काचेवरची अक्षरे ओल्या फडक्याने पुसू नयेत, ती लगेच निघून जातात.

३) जुने कागदी आणि फुगलेले कंडेन्सर बदलावेत. नवा कंडेन्सर तेवढ्याच मापाचा आणि तेवढ्या किंवा जास्त व्होल्टचा असावा.

४) पहिल्यांदा चालू करताना फिलॅमेंटचा १०० वॉटचा दिवा सिरीजमध्ये लावावा. एलईडीचा दिवा येथे चालत नाही. दिवा पूर्ण तेजाने जळतच राहिला, तर आत शॉर्ट आहे असे समजून यंत्र लगेच बंद करावे.

५) स्पीकर जोडल्याशिवाय यंत्र चालवू नये, ट्रान्सफॉर्मरला धोका पोचतो.

६) फ्यूज उडाला म्हणून तांब्याची तार लावू नये. फ्यूज हा राखणदार आहे. राखणदाराला बांधून ठेवले की चोराचेच फावते.

आणि सर्वांत महत्त्वाचे : प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते आणि तिचा झटका जिवावर बेतू शकतो. म्हणून वरची साफसफाई तुम्ही करा, पण आतले काम व्हॉल्व्हच्या यंत्रांची माहिती असलेल्या कारागिराकडेच द्या. मुलाबाळांना उघड्या यंत्रापासून दूर ठेवा. काढलेले जुने भागही पिशवीत घालून यंत्राबरोबर ठेवा, पुढच्या कारागिराला ते उपयोगी पडतात.

कारागीर जळालेला भाग बदलून देऊ लागला, तर त्याला एकच प्रश्न विचारा, "हा जळाला कशामुळे?" याचे उत्तर देणारा कारागीर खरा. त्याच्या हातून दुरुस्त झालेले यंत्र पुन्हा अनेक वर्षे गाईल.