जुन्या कॅमेऱ्याचा काटा आणि पाऱ्याचा सेल

पुष्कळ घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर चामड्याच्या पेटीतला एखादा जुना कॅमेरा पडून असतो. काढून पाहिला तर भिंग स्वच्छ असते, खटका वाजतो. पण प्रकाश मोजणारा काटा मात्र हलत नाही. मग कोणीतरी बाजारातून बसेल तसा सेल आणून घालतो. काटा हलतो, आणि घरात आनंदीआनंद होतो. खरी फसगत होते ती इथेच. मीही फसलो. माझ्या आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी स्लाइडची एक संपूर्ण फिल्म मी अशाच हलत्या काट्याच्या भरवशावर काढली. धुऊन आली तेव्हा सगळी चित्रे काळवंडलेली, आत्याचा चेहरा तर अंधारातच!

असे का व्हावे? १९६० नंतरच्या अनेक कॅमेऱ्यांत प्रकाश मोजायला कॅडमियम सल्फाइडचा एक लहानसा तुकडा असतो. त्यावर उजेड पडला की त्याचा विद्युत्-विरोध कमी होतो, प्रवाह वाढतो आणि काटा सरकतो. आपल्या तळ्याच्या पाटाचेच उदाहरण घ्या ना. दार किती उघडले आहे ते न बघता, शेताच्या टोकाशी उभा राहून, आलेल्या पाण्यावरूनच कोणी दाराचा अंदाज बांधतो आहे असे समजा. तळ्याची पातळी रोज सारखी असेल तर त्याचा अंदाज बरोबर येईल. पण एके दिवशी तळे जास्त भरलेले असेल, तर दार तितकेच असूनही पाणी जास्त येईल, आणि हा गृहस्थ म्हणेल, ‘आज दार जास्त उघडलंय!’

इथे तळ्याची पातळी म्हणजे सेलचा दाब, म्हणजे व्होल्टेज. हे कॅमेरे बनले ते पाऱ्याच्या सेलसाठी. जस्त आणि पाऱ्याचे ऑक्साइड यांचा हा सेल दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सॅम्युएल रूबेन यांनी सिद्ध केला. त्याचा दाब १.३५ व्होल्ट, आणि सेल संपत येईपर्यंत तो जवळजवळ ढळत नाही. कारखानदारांनी त्याच स्थिरपणावर विसंबून काट्याची आखणी केली. आज दुकानात मिळणारा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, तोही वापरात हळूहळू उतरत जाणारा. म्हणजे आज एक माप, महिन्याने दुसरे. सुरुवातीला दाब जास्त म्हणून काटा उजेड जास्त सांगतो, आपण छिद्र लहान करतो, आणि चित्र काळे येते. साध्या निगेटिव्ह फिल्मवर ही चूक थोडीफार खपून जाते. स्लाइडवर मुळीच नाही.

मग पाऱ्याचाच सेल का आणू नये? तो आता बनत नाही, आणि बनू नये हेच बरे. जपानमधील मिनामाता गावी कारखान्यातून उपसागरात सोडलेला पारा माशांत उतरला आणि ते मासे खाणाऱ्या माणसांना भयंकर व्याधी जडली. हे १९५६ साली उघडकीस आले. त्या गावाच्या नावानेच २०१३ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, तो २०१७ पासून अमलात आला, आणि २०१८ साली भारतानेही त्याला मान्यता दिली. कॅमेऱ्यात जुना सेल सापडलाच तर तो फोडू नये, जाळू नये, पोरांच्या हाती देऊ नये. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा.

उपाय आहे. सिल्व्हर ऑक्साइडचा सेल घ्यावा. याचा दाब १.५५ व्होल्ट, पण पाऱ्याच्या सेलसारखाच स्थिर. आता जास्तीचे ०.२ व्होल्ट तेवढे अडवायचे. त्यासाठी सेलच्या वायरीत एक शॉट्की डायोड जोडतात. साधा सिलिकॉन डायोड इथे चालत नाही, तो बराच जास्त दाब खातो. डायोडमधून प्रवाह एकाच दिशेने जातो, म्हणून तोंड चुकवू नये: सेलच्या ऋण टोकाच्या वायरीत जोडला, तर डायोडवरची पट्टी सेलच्या बाजूस हवी. नवा सेल ११.६ मिलिमीटर व्यासाचा, जुना खोबणीभर बसणारा ६२५ नंबरचा १५.६ मिलिमीटरचा; तेव्हा भोवती एक कडे लागेलच. कॅमेऱ्याचा तळ उघडल्यावर वायर हिरवी पडलेली दिसली तर तीही बदलावी. सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर हे काम रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्यावे.

ज्यांना कॅमेरा उघडायचा नाही त्यांनी कानाच्या यंत्रात घालतात तो ६७५ नंबरचा जस्त-हवा सेल कड्यात बसवून पाहावा. त्याचा दाब १.४ व्होल्ट, म्हणजे बराच जवळ. मात्र वरचे लेबल काढले की तो हवा घेऊ लागतो आणि न वापरताही काही आठवड्यांत किंवा फार तर दोनतीन महिन्यांत संपतो.

पण आधी कॅमेरा कोणता ते पाहा. ऑलिम्पस ट्रिप ३५ सारख्या कॅमेऱ्यात सेलेनियम असते. त्याला सेलच लागत नाही. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकमध्ये तर सेतूची रचना आहे. शिक्षकांना प्रयोगशाळेतला व्हीटस्टनचा सेतू आठवेल: तोल साधला की काटा मध्यावर, मग दाब थोडा कमीजास्त असला तरी बिघडत नाही. अशा कॅमेऱ्यात डायोड घालणे म्हणजे नसते उद्योग!

काम झाल्यावर काटा पारखून घ्यावा. आकाश निरभ्र असताना, ऊन पाठीशी घेऊन, हिरव्या गवतावर कॅमेरा रोखावा. १०० वेगाच्या फिल्मला काट्याने सुमारे १/१२५ सेकंद आणि छिद्र १६ दाखवले पाहिजे. तेवढ्यावर थांबू नये. अंधूक उजेडात प्रवाह कमी, म्हणून डायोडही कमी दाब खातो आणि माप थोडे सरकते. तेव्हा घरातल्या सावलीत, भरवशाच्या दुसऱ्या मापकाशी किंवा मोबाइलमधल्या मापकाशी एकदा ताडून पाहावे. फरक किती येतो तो कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या पेटीत ठेवावा. माझ्या पेटीत तसा कागद आता आहे. आणि पावसाळ्यात कॅमेरा ठेवून देताना सेल काढूनच ठेवावा.