वेराक्रूस : समुद्राच्या तोंडाशी वसलेले गाव

मेक्सिकोतील एका बंदराच्या गावी माणसे कशी राहतात, हा आजचा विषय आहे हे ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मेक्सिको म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे निवडुंग आणि रुंद काठाची टोपी एवढेच येते. परंतु हा देश आपल्याला वाटतो तितका परका नाही. आपल्या फोडणीतील मिरची, भाजीतील टोमॅटो आणि पावसाळ्यात भाजून खातो तो मका, ही सारी मूळची तिकडची. उलट आपला आंबा फिलिपाईन्समार्गे स्पॅनिश गलबतांतून तिकडे गेला, आणि वेराक्रूसच्या बाजारात आजही 'मनिला' या नावाने विकला जातो. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांनी तर मेक्सिकोत शेतकीशास्त्राचे अध्यापक म्हणून आयुष्याची कित्येक वर्षे काढली, आणि डिएगो रिव्हेरा या चित्रकाराने आपल्या एका भित्तिचित्रात त्यांची आकृती रंगविली.

वेराक्रूस हे मेक्सिकोच्या आखातावरील जुने बंदर. १५१९ च्या एप्रिलात एर्नान कोर्तेस येथील वाळूवर उतरला. ते दिवस गुड फ्रायडेचे होते, म्हणून वसाहतीला 'खऱ्या क्रुसाचे गाव' असे नाव मिळाले. नाव एकदा पडले तरी गावाने जागा मात्र दोनतीनदा बदलली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते आजच्या जागी, सान हुआन दे उलुआ या बेटासमोर, स्थिर झाले.

या गावात पहिल्यांदा जाणवतो तो आवाज. सकाळी कॉफीच्या जुन्या दुकानात गेले की चहूकडून काचेवर चमचा वाजल्याचा किणकिणाट ऐकू येतो. भांडण वगैरे काही नसते. उंच काचेच्या पेल्यात तळाशी कडक काळी कॉफी आणून ठेवलेली असते. दूध हवे असेल तर गिऱ्हाइकाने पेल्यावर चमचा वाजवावयाचा; मग दुधाची किटली घेतलेला वाढपी येतो आणि हातभर उंचीवरून फेसाळ धार सोडतो. असे सांगतात की पूर्वी ट्रामचा एक चालक गाडीची घंटा वाजवून दूध तयार ठेवण्याची सूचना देई. तो वारल्यावर त्याच्या आठवणीसाठी लोक चमचे वाजवू लागले. गोष्ट खरी की रचलेली, याची चौकशी करण्यात अर्थ नाही. 'अहो, जरा इकडे' असे ओरडण्यापेक्षा ही रीत बरी, एवढे मात्र खरे.

बाहेर पडावे तो कमानींच्या सावलीत लाकडी पट्ट्यांचा मारिंबा वाजत असतो, पलीकडे तिघे-चौघे वीणेसारखी हार्प आणि लहान गिटारी घेऊन 'सोन हारोचो' गात असतात, आणि धक्क्यावर बर्फाचा मेवा विकणारे गळा काढून हाका मारीत असतात. 'हारोचो' म्हणजे वेराक्रूसचा माणूस. 'ला बांबा' हे गाणे अमेरिकेतील एका तरुण गायकाने १९५८ साली जगभर पोहोचविले, पण ते मूळचे याच किनाऱ्यावरचे.

या वर्णनावरून तेथे सदैव सणच असतो असा समज होण्याचा संभव आहे. तो दूर करण्यास तेथील हवा पुरेशी आहे. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत अधूनमधून 'नोर्ते', म्हणजे उत्तरेचा वारा, सुटतो. त्याच्या आधी कधी कधी दक्षिणेकडून उष्ण वारा वाहतो आणि अंगाची काहिली करतो. त्यावरून म्हातारी माणसे ओळखतात की उद्या नोर्ते येणार. मग तो येतो. त्याचे झोत पुष्कळदा ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातात. रस्त्यावर वाळू उडते, पत्रे खडखडतात, लाटा बांधावरून आत येतात, बंदर बंद होते आणि मासेमारी होड्या दोरांना बांधून ठेवाव्या लागतात. बोट निघाली नाही की त्या दिवसाची मिळकत नाही. तेव्हा नोर्ते हा गप्पांचा विषय आहे, तसाच चुलीचाही आहे.

या वाऱ्यापासून गावाला थोडाफार आडोसा देणारी गोष्ट म्हणजे समोरची प्रवाळाची बेटे व खडक. स्पॅनिश लोकांनी याच प्रवाळाचे दगड काढून उलुआचा किल्ला आणि गावातील भिंती बांधल्या. गावाच्या रक्षणासाठी बांधलेल्या या किल्ल्याची कथा मोठी विचित्र आहे. मेक्सिको १८२१ साली स्वतंत्र झाला, पण स्पॅनिश शिबंदी किल्ला धरून बसली. १८२३ पासून तिने गावावरच तोफा डागल्या, आणि १८२५ च्या नोव्हेंबरात ती शरण आली. १८३८ साली फ्रेंच आरमार आले. फ्रेंच रहिवाशांच्या नुकसानभरपाईचे ते निमित्त होते. त्यांत एका मिठाईवाल्याचीही तक्रार असल्यामुळे इतिहासाने त्याला 'मिठाईचे युद्ध' म्हटले. सान्ता आन्ना या सेनापतीचा पाय त्यात गेला. १८४७ साली अमेरिकन सैन्याने गावाला सुमारे वीस दिवस वेढा देऊन घरादारांवर गोळे टाकले. १९१४ च्या २१ एप्रिलला अमेरिकन पुन्हा उतरले. नाविक शाळेच्या विद्यार्थ्यांनी आणि साध्या नागरिकांनी गच्च्यांवरून प्रतिकार केला. होसे असुएता हा तरुण जखमी झाला आणि त्याने शत्रूच्या डॉक्टरचे उपचार नाकारले, असे तेथील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. नोव्हेंबरपर्यंत गाव परक्यांच्या ताब्यात होते. या चार प्रसंगांवरून गावाला 'चार वेळा शूर' अशी पदवी आहे.

पण मला विचाराल तर तोफांपेक्षा मोठी गोष्ट होती पिवळ्या तापाची. तो डासांमुळे पसरतो हे क्यूबाच्या डॉ. फिनले यांनी १८८१ साली मांडले आणि १९०० साली प्रयोगांनी सिद्ध झाले; त्यापूर्वी लोक दलदलीच्या हवेला दोष देत. युरोपहून आलेला व्यापारी उतरला की माल तसाच खेचरांवर लादून हालापाच्या थंड डोंगराकडे पळे. अठराव्या शतकात तर जहाजांच्या मालाची जत्राच बंदर सोडून हालापास भरत असे. (तिखट हालापेन्यो मिरचीचे नाव याच हालापावरून पडले.) गावात जन्मलेल्यांना मात्र लहानपणीच हलका ताप येऊन गेलेला असे आणि पुढे त्यांना त्याची बाधा होत नसे. म्हणजे जो रोग परक्याला मारी, तोच गावकऱ्याला वाचवी! १८४७ साली अमेरिकन सेनापती स्कॉट याने गाव घेतल्यावर डोंगराकडे घाई केली ती तापाचा मोसम येण्यापूर्वी निघून जावे म्हणून. अशा गावात पैसेवाले लोक घाईने येत आणि घाईने जात. कायम राहिले ते हमाल, होडीवाले, धोबिणी आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज. वेराक्रूसची बोली, खाणे आणि ताल यांच्यावर त्यांची छाप आहे, हे आता मेक्सिकन लोकही मोकळेपणाने सांगू लागले आहेत.

या कष्टकऱ्यांची वस्ती म्हणजे ला उआका आणि आसपासचे 'पातिओ'. पातिओ म्हणजे मध्ये अंगण, भोवती लाकडी खोल्यांच्या रांगा, आणि सर्वांत मिळून नळ व संडास. आपण ज्याला चाळ म्हणतो तेच ते. १९२२ साली येथे भाडी इतकी वाढली की भाडेकरूंनी ती देणेच बंद केले. सुरुवात केली गणिकांनी. समाजाने ज्यांना खालच्या पायरीवर बसविले त्यांनी मार्चमध्ये प्रथम नकार दिला, आणि मग एरोन प्रोआल नावाच्या शिंप्याच्या पुढारीपणाखाली हजारो खोल्यांच्या दारांवर 'मी संपावर आहे, भाडे देणार नाही' अशा पाट्या आणि तांबडे बावटे लागले. जुलैत सैन्याने गोळीबार केला, प्रोआल तुरुंगात गेला. तरीसुद्धा पुढल्या वर्षी राज्याला भाड्याचा कायदा करावा लागला.

बंदर माणसे नुसती खाते असे नाही, आश्रयही देते. क्यूबातील स्वातंत्र्ययुद्धांतून पळून आलेली कुटुंबे 'दान्सोन' हा नाच घेऊन आली. १९३९ च्या १३ जूनला 'सिनाइया' ही बोट सुमारे सोळाशे स्पॅनिश निर्वासितांना घेऊन लागली, तेव्हा धक्क्यावर लोकांची दाटी होती. ज्या वाटेने कोर्तेस आला, त्याच वाटेने चारशे वीस वर्षांनी पराभूत स्पॅनिश माणसे आली आणि शिक्षक, प्रकाशक, डॉक्टर होऊन राहिली.

दान्सोन मात्र पाहावा तो म्हाताऱ्यांचा. आठवड्यातील ठरलेल्या संध्याकाळी चौकात वादक बसतात. पांढऱ्या शर्टातले आजोबा आणि पंखा घेतलेल्या आजी फरशीच्या एका चौकोनात मोजकी पावले टाकतात. सुरुवातीचे पद पुन्हा आले की सर्व जोडपी थांबतात, वादकांकडे तोंड करतात, स्त्रिया पंख्याने वारा घेतात. मग पुन्हा पाऊल उचलावयाचे. दमट उकाड्यात जन्मलेल्या नाचात विश्रांतीची सोय आधीच करून ठेवलेली आहे.

आता अलीकडची गोष्ट. १९९१ च्या १ जूनला सरकारने बंदर ताब्यात घेतले, गोदी कामगारांच्या संघटनांचे करार मोडले आणि पुढे काम खाजगी कंपन्यांकडे दिले. संघटनांत भ्रष्टाचार होता, हे खोटे नव्हे. पण हजारो घरांतील पिढ्यानुपिढ्यांची नोकरी एका दिवसात गेली, हेही खोटे नव्हे. त्यानंतर वाईट वर्षे आली. २०११ च्या सप्टेंबरात शेजारच्या बोका देल रिओ येथे भर रस्त्यावर पस्तीस प्रेते टाकण्यात आली. अमली पदार्थांच्या टोळ्यांनी, आणि कधी त्यांच्याशी हातमिळवणी केलेल्या पोलिसांनी, कितीतरी तरुण नाहीसे केले. वार्ताहर मारले गेले. २०१६ च्या मातृदिनी मोर्चात चाललेल्या आयांच्या हाती कोणीतरी एक नकाशा दिला. त्यावर कोलिनास दे सान्ता फे येथील जागेच्या खुणा होत्या. आयांनी स्वतः वर्गणी काढून, पहारी घेऊन जमीन उकरली. पुढल्या वर्षाच्या मार्चपर्यंत तेथून अडीचशेहून अधिक कवट्या निघाल्या होत्या. चौकात दान्सोन तेव्हाही चालू होता. काहींना यात निष्ठुरपणा वाटेल. मला तसे वाटत नाही. संध्याकाळी चौक रिकामा ठेवला असता तर तो दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात गेला असता.

आणि शेवटी ते प्रवाळ. १९९२ साली समोरचे खडक राष्ट्रीय उद्यान म्हणून संरक्षित झाले. २०१२ साली बंदर वाढविण्यासाठी त्याची हद्द बदलण्यात आली. उत्तरेकडे नवे बंदर उभे राहिले. काही रहिवाशांनी न्यायालयात दाद मागितली. खडकाशी तुमचा काय संबंध, अशा अर्थाचा आक्षेप घेऊन खालच्या न्यायालयाने त्यांना परत पाठविले. २०२२ च्या फेब्रुवारीत मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्यांच्या बाजूने निकाल दिला : ज्या खडकामुळे लाटा आणि वारा अडतो, त्याच्या मागे राहणाऱ्याला त्याच्याबद्दल बोलण्याचा हक्क आहे, बांधकामाच्या परिणामांचा विचार पुन्हा, साकल्याने करावा. नवा धक्का तोपर्यंत चालू झालेला होता, आणि मोठी जहाजे तेथे लागत आहेत.