धीर धरणें म्हणजे काय?

संकटांत सांपडलेल्या माणसाला आपण सहज ‘धीर धरा’ म्हणतों. पण त्यानें नेमकें काय करावें अशी आपली अपेक्षा असते? संस्कृतांत ‘धीर’ हें विशेषण आहे. न डगमगणारा, स्थिर बुद्धीचा, असा त्याचा अर्थ. मराठीनें त्याचें नाम केलें आणि त्याला हातांतल्या वस्तूप्रमाणें वागविलें. धीर धरतां येतो, दुसऱ्यास देतां येतो, तो सुटतोहि. जें सुटूं शकतें तें धरून ठेवण्यास प्रयत्न लागतो. तेव्हां धीर धरणें म्हणजे नुसतें स्वस्थ बसणें नव्हे.

मुंबईच्या उत्तरेस, गुजरातच्या सीमेलगतच्या डहाणू व तलासरी तालुक्यांत या शब्दाची कसोटी लागली. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरांत भूकंपाचे धक्के बसूं लागले. एक मोठा धक्का आणि मग शांतता, असा हा प्रकार नव्हता; लहान लहान धक्क्यांची मालिका महिनोन् महिने चालली. केंद्र उथळ असल्यानें जमिनीखालून स्फोटासारखा आवाजहि येई. ऐन थंडींत लोक घराबाहेर, तंबूंत निजूं लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजीं ४ हून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. त्या वेळच्या धांवपळींत हळदपाडा येथील दोन वर्षांची एक बालिका पडून दगावली.

जमीन हालत असतां धांवूं नये, मजबूत मेजाखालीं शिरून डोकें झांकावें आणि हादरा थांबतांच मोकळ्या जागीं जावें, असें शास्त्र सांगतें. पण ज्या घरांत मेज नाहीं आणि भिंतच कच्ची आहे, तेथें धीर धरावयाचा तो कशाच्या आधारानें? म्हणून ‘धीर देणें’ या प्रयोगाचा अर्थ केवळ गोड शब्द एवढाच घेऊन चालणार नाहीं. तंबू, भक्कम घर, धक्के मोजणारीं यंत्रें, त्यांवरून मिळणारी खरी माहिती आणि काय करावें याचा आधींच केलेला सराव, हें सारें त्यांत आलें.

मराठींत आणखी एक प्रयोग आहे : ‘धीर चेपणें’. पुनःपुन्हां धक्के बसून कांहीं बिघडलें नाहीं, कीं भय मोडतें आणि माणूस भेगाळलेल्या भिंतीखालीं निर्धास्त निजतो. हा धीर नव्हे, ही संवय होय. धीर धरणारा धोका ओळखून असतो. धीर चेपलेला तो विसरतो. एकाच शब्दाच्या या दोन प्रयोगांतलें अंतर भूकंपाच्या प्रदेशांत जीवावर बेतूं शकतें.