चुलीवाचून भाकरी

लासलगाव, पिंपळगाव बसवंत आणि चितेगाव ही तिन्ही गावे नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातली. लासलगाव कांद्याच्या लिलावासाठी ठाऊक, पिंपळगाव द्राक्षांसाठी. चितेगाव फाट्यावर कांदा-लसणाच्या वाणांवर काम करणारे राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानचे केंद्र आहे. खुद्द निफाडच्या कृषी संशोधन केंद्राने गव्हाचे वाण दिले आणि त्यांची नावेही घरचीच ठेवली: ‘पंचवटी’, ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’, ‘गोदावरी’. कांदा, गहू आणि बेदाणा एवढ्या शिदोरीवर, विस्तवाला हात न लावता केला जाणारा एक ब्रेड अमेरिकेत गेली वीसेक वर्षे आवडीने खाल्ला जातो. त्याला लागणारे बाकीचे सामान म्हणजे तेलबिया आणि डीहायड्रेटर नावाची एक पेटी.

‘रॉ व्हीगन’ आहार घेणारी मंडळी दूध, तूप, मध तर वर्ज्य मानतातच, शिवाय अन्न साधारण 48 अंश सेल्सिअसच्या वर तापू देत नाहीत. नेहमीचा ब्रेड या अटीत बसणे शक्यच नाही. पिठातले ग्लुटेन ताणले जाते, यीस्टचा वायू त्यात अडकतो आणि भट्टीच्या आचेने तो फुगवटा घट्ट होतो, तेव्हा पाव तयार होतो. गव्हातला स्टार्च शिजायला साठ अंशांच्या आसपास उष्णता लागते. त्यामुळे हा बिनविस्तवाचा ब्रेड फुगत नाही. तो पातळ, चिवट किंवा कुरकुरीत होतो. मराठी घराला त्याची जात ओळखीची वाटेल, कारण कोकणातली आंबापोळी नेमकी अशीच होते: रस ताटात पसरायचा, उन्हात वाळवायचा आणि सोडवून घ्यायचा.

या प्रकारातला सर्वांत गाजलेला पदार्थ कांद्याचा. लॉस एंजेलिसचे मॅट ॲम्सडेन यांनी तो आपल्या ‘रॉव्होल्यूशन’ या 2006 सालच्या पुस्तकातून लोकप्रिय केला. नाशिकच्या हिशेबाने कृती अशी मांडता येईल: एक किलो कांदा बारीक चिरून किंवा किसून घ्यायचा. जवस आणि सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया प्रत्येकी दोनशे ग्रॅम घेऊन कोरड्याच दळायच्या. मीठ आणि थोडे तेल घालून सगळे कालवायचे आणि अर्धा तास झाकून ठेवायचे. तेवढ्यात जवस कांद्याचे पाणी शोषून बुळबुळीत होते. ग्लुटेनचे बांधून धरण्याचे काम इथे हा चिकटपणाच करतो. मग ट्रेवर अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर पसरायचा, वरची बाजू सुकली की उलटायचा, सुरीने चौकोन आखायचे आणि पुन्हा वाळू द्यायचा. यात दिवस-दीड दिवस सहज जातो.

कांद्यात सुमारे 86 टक्के पाणी असते. म्हणजे चौदाशे ग्रॅमच्या या मिश्रणातून साडेआठशे ग्रॅमच्या आसपास पाणी उडून जाते आणि हाती पाचशे-साडेपाचशे ग्रॅमचा ब्रेड उरतो. कांद्याची निवड म्हणूनच महत्त्वाची. लाल कांदा पाणीदार असतो, तो वाळायला वेळ खातो. एप्रिलमध्ये निघून चाळीत राहिलेला उन्हाळ कांदा जास्त घट्ट असतो. कांदा वाळवण्याचा धंदा करणारे कारखाने याच कारणासाठी पांढऱ्या कांद्याच्या मागे असतात. जळगावची जैन कंपनी त्यासाठी शेतकऱ्यांशी करार करून पांढरा कांदा पिकवून घेते.

दुसरा प्रकार गोड. ‘त्र्यंबक’ असो वा बाजारातला कोणताही गहू, रात्रभर भिजवून मोड आणायचे. मोड येताना धान्यातले अमायलेज स्टार्चची साखर करू लागते, म्हणून वाटलेला गोळा साखर न घालताही गोडसर लागतो. त्यात बेदाणे वाटून घातले, पातळ चकत्या थापल्या आणि वाळवल्या की झाले. परदेशात याला ‘एसीन ब्रेड’ म्हणतात. एडमंड सेकेली यांनी प्राचीन म्हणून प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात उन्हात वाळवलेल्या अशा भाकरीचे वर्णन आहे, पण त्या ग्रंथाचे प्राचीनत्व अभ्यासक मान्य करत नाहीत.

पेटी मात्र नीट पारखून घ्यावी. मागच्या बाजूला पंखा असलेल्या यंत्रात वारा सगळ्या ट्रेंवरून सारखा वाहतो. तळाशी पंखा असलेल्या गोल यंत्रात ट्रे अधूनमधून वरखाली करावे लागतात. पाचशे वॅटचे यंत्र अखंड चोवीस तास चालले तर बारा युनिट वीज खाते. कांद्याचा उग्र वास घरभर राहतो, तेव्हा यंत्राची जागा गॅलरीत. उन्हाची सोय असेल तर सौर ड्रायरचाही पर्याय आहे. वैभव तिडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘एसफोरएस टेक्नॉलॉजीज’ या महाराष्ट्रातल्या कंपनीला शेतमाल वाळवण्याच्या अशाच कामासाठी 2023 चा अर्थशॉट पुरस्कार मिळाला.

आता धोक्याची बाजू. पाच ते साठ अंशांच्या पट्ट्यात जिवाणू फोफावतात आणि 45 अंशांवर ओले मिश्रण तासन्‌तास त्याच पट्ट्यात असते. जर्मनीत 2011 मध्ये मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलायच्या साथीत पन्नासहून अधिक माणसे दगावली. त्यामुळे थर पातळच हवा, भांडी स्वच्छ हवीत आणि पहिला तासभर यंत्र 60 अंशांवर ठेवलेले बरे. ओलावा उडताना मिश्रण स्वतः तेवढे तापत नाही, पण लवकर सुकते. राजमा कच्चा किंवा मोडाचाही यात कधीच घालू नये, त्यातले लेक्टिन विषारी असते. कच्च्या जवसात सायनाइड तयार करू शकणारी द्रव्ये असतात, भाजल्यावर ती कमी होतात. आपल्याकडे चटणीचे जवस भाजून घेतात, ते चवीइतकेच तब्येतीलाही सोयीचे. हा ब्रेड म्हणून रोज पोटभर खाण्याचा नव्हे.

कच्च्या अन्नाचे आकर्षण आपल्याला नवे नाही. 1929 साली महात्मा गांधींनी साबरमतीला न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला, त्यावर ‘यंग इंडिया’त लिहिले आणि प्रकृती साथ देईना तेव्हा तो थांबवला. कच्च्या अन्नातली ‘जिवंत एन्झाइम्स’ पचन सुधारतात हा आजचा दावाही तपासून घ्यायला हवा. एन्झाइम म्हणजे प्रथिनच. जठरातल्या आम्लात त्यातले बहुतेक मोडते आणि पचनासाठी लागणारी एन्झाइम्स शरीर स्वतः बनवते. दीर्घकाळ वाऱ्यावर वाळताना क जीवनसत्त्वही घटते. बी-12 तर या आहारात वेगळे घ्यावेच लागते.

ज्वारी-बाजरीच्या भाकरीची जागा हा ब्रेड घेणार नाही; काकडी-टोमॅटोच्या चकत्यांखाली तो चविष्ट लागतो, एवढे त्याचे खरे मोल. करून पाहायचा असेल तर दिवाळीनंतरची कोरडी हवा सोयीची. सुरुवात पाव किलो कांद्यापासून करावी, तुकडा वाकण्याऐवजी कटकन मोडेपर्यंत वाळवावा आणि थंड झाल्यावर लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. मऊ पडला किंवा बुरशीचा ठिपका दिसला, तर सगळाच टाकून द्यावा.