सायकलवरून अमृतेश्वर

अकोले तालुक्यातल्या भंडारदऱ्याहून रतनवाडीला मी सायकलने निघालो. इतक्या आडबाजूला एवढं देखणं शिवमंदिर कशाला बांधलं असेल, हा प्रश्न डोक्यात होता. चढावर सायकल ढकलताना उत्तर मिळालं. समोर रतनगड होता. याच डोंगररांगेत प्रवरा उगम पावते. उगम म्हणजे तीर्थ, तिथे देऊळ हवंच!

लोक याला हेमाडपंती म्हणतात. पण हेमाद्री तेराव्या शतकातला, अमृतेश्वर त्याआधीचं. शिखर भूमिज पद्धतीचं : चार बाजूंना उभे पट्टे, मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या ओळी. अंबरनाथचं १०६० सालचं मंदिर याच पद्धतीचं.

तुम्हीही सायकलने जा. मात्र दगडावर नावं कोरू नका. शतकानुशतकांच्या पावसाने जे राखलं, ते आपल्या हातून जायला नको.