जहाजांचा इतिहास आणि घरांच्या आठवणी : भारतीय नौदलाच्या स्मृतिजतनाचा मागोवा

भारतीय नौदलाचा इतिहास जपण्याच्या प्रयत्नांना गेल्या पाच दशकांत जे रूप आले, त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. 1978 साली व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्या पुढाकाराने मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. 1971च्या युद्धात ‘कामोर्टा’ या युद्धनौकेचे नेतृत्व करून वीरचक्र मिळवलेले आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी येथे राहिले आणि भारतीय खलाशाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पनाही त्यांनीच नौदलात रुजवली. याच काळात नौदलाचा सविस्तर इतिहास ग्रंथरूप घेऊ लागला. रिअर अ‍ॅडमिरल सत्येंद्र सिंह यांनी 1945 ते 1965 या वर्षांचा इतिहास दोन खंडांत लिहिला, तर व्हाइस अ‍ॅडमिरल जी. एम. हिरानंदानी यांनी पुढील तीन खंडांत तो 2000 सालापर्यंत आणला.

या ग्रंथांचे मोल वादातीत आहे. जहाजांची खरेदी आणि बांधणी, सोव्हिएत रशियाकडून मिळालेल्या नौका व पाणबुड्या, माझगाव गोदीतील फ्रिगेटची, म्हणजे ताफ्याच्या संरक्षणासाठी व पाणबुडीच्या शोधासाठी वापरल्या जाणाऱ्या मध्यम आकाराच्या युद्धनौकांची, उभारणी आणि कराचीवरील क्षेपणास्त्र-हल्ल्यांची आखणी हे सारे त्यांत तपशिलाने येते, आणि हिरानंदानींनी तर प्रत्यक्ष सहभागी अधिकाऱ्यांच्या आठवणीही त्यांत गुंफल्या आहेत. तरीही या लेखनाचा मुख्य आधार सरकारी कागद हाच राहिला. जहाज कोठे होते, कोणत्या दिशेने आणि किती वेगाने जात होते, हवामान कसे होते, याची वेळोवेळी नोंद ठेवणाऱ्या वहीला लॉगबुक म्हणतात. परंतु त्याच दिवसांत किनाऱ्यावरच्या घरात काय चालले होते याची नोंद ठेवणारी वही कोणत्याही कार्यालयात नसते, आणि म्हणून नौदलाच्या इतिहासाचा हा निम्मा भाग बराच काळ कोणी इतिहास म्हणून पाहिलाच नाही.

त्या भागाची साधने घरांतच आहेत. समुद्रावरच्या माणसाला पत्र लिहायचे तर पाकिटावर त्याचे नाव, हुद्दा आणि जहाजाचे नाव घालून खाली ‘फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’ असा पत्ता लिहिला जाई. हे कार्यालय ताफ्याचे टपाल जमा करून जहाज ज्या बंदरात असेल तेथे ते पोहोचवण्याची व्यवस्था करी. पत्र लिहिणाऱ्या बायकोला किंवा आईला ते नेमके कोठे जाणार हे ठाऊक नसे, आणि उत्तरातही जहाजाच्या हालचालींविषयी काही लिहिण्यास मनाई असल्यामुळे ही पत्रे मुलांचे शिक्षण, घराची डागडुजी, सासू-सासऱ्यांची औषधे आणि मनीऑर्डर यांविषयीच बोलतात. युद्धाच्या इतिहासकाराला त्यांत काही सापडणार नाही, पण नौदलातील माणूस आणि त्याचे घर एकमेकांना कसे सांभाळत होते हे सांगणारा याहून विश्वासार्ह पुरावा दुसरा नाही. ब्रिटिश काळापासून नौदलाला खलाशी पुरवणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात आणि एकूणच कोकणात अशी पत्रे आजही ट्रंकांमध्ये असणार, आणि ज्या पिढीला त्यांतील नावे व संदर्भ उलगडून सांगता येतात ती आता ऐंशीच्या घरात आहे.

पत्रांइतकेच महत्त्व बदल्यांच्या आठवणींना आहे. लोणावळ्याचे ‘शिवाजी’ आणि जामनगरचे ‘वलसुरा’ ही नौदलाची प्रशिक्षण केंद्रे (किनाऱ्यावरच्या तळांनाही जहाजांप्रमाणेच नावे देण्याची नौदलाची प्रथा आहे), कोची, विशाखापट्टणम, गोवा आणि पोर्ट ब्लेअर अशी ठिकाणे बदलत मुले वाढली, शाळा बदलत गेली आणि निरनिराळ्या प्रांतांतल्या शेजारणींच्या सोबतीने स्त्रियांनी घर आणि बाहेरचे सगळे व्यवहार एकट्यांनी निभावले. 1986 मध्ये नौदल-पत्नींची कल्याण संघटना उभी राहिली, तेव्हा या परस्परांच्या आधाराला संस्थेचे रूप मिळाले. तोपर्यंत तो केवळ शेजारधर्म होता आणि म्हणूनच त्याची लेखी नोंद फार थोडी आहे.

घर आणि जहाज यांचे नाते किती घट्ट असते हे ‘खुकरी’च्या इतिहासात सर्वांत स्पष्ट दिसते. 9 डिसेंबर 1971च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीच्या पाणतीराने ही फ्रिगेट काही मिनिटांत बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक तिच्याबरोबर गेले. दीवच्या किनाऱ्यावर तिचे स्मारक उभे आहे आणि मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी बचावलेल्यांच्या आठवणींवर आधारित ग्रंथ लिहिला. पुढे माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या कॉर्व्हेटला, म्हणजे फ्रिगेटहून लहान युद्धनौकेला, ‘खुकरी’ हेच नाव देण्यात आले, आणि 23 ऑगस्ट 1989 रोजी ती मुंबईत नौदलात दाखल झाली त्या समारंभात संरक्षणमंत्र्यांबरोबर कॅप्टन मुल्लांच्या पत्नी सुधा मुल्ला यांचाही सहभाग होता. डिसेंबर 2021 मध्ये ही दुसरी ‘खुकरी’ सेवामुक्त झाली आणि पुढच्याच महिन्यात संग्रहालय म्हणून दीवच्या प्रशासनाकडे सोपवली गेली.

याच्या शेजारी ‘विक्रांत’चे भवितव्य ठेवून पाहिले की खेद वाटल्याखेरीज राहत नाही. 1961 ते 1997 अशी सेवा केलेली ही विमानवाहू नौका 2001 पासून मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना पाहता येत होती. 2012 मध्ये ते बंद झाले, देखभालीचा खर्च पेलण्यास कोणी पुढे आले नाही, न्यायालयीन प्रयत्नही निष्फळ ठरले आणि 2014 मध्ये ती मुंबईतील दारूखान्यात तोडायला गेली. ‘विराट’ ही विमानवाहू नौकाही 2020 मध्ये तोडण्यासाठी गुजरातमधील अलंगला पोहोचली. दुसरीकडे, 1817 साली मुंबईच्याच गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर जपून ठेवलेली आहे. मोठी नौका जपणे खर्चिक असते हे खरे, पण ‘विक्रांत’ गमावणे ही महाराष्ट्राच्या सांस्कृतिक धोरणाची स्पष्ट चूक होती.

1946च्या नौसैनिकांच्या उठावाची स्मृतीही उशिराच सार्वजनिक झाली. 18 फेब्रुवारी रोजी मुंबईच्या ‘तलवार’ या तळावर सुरू झालेल्या या संपात निकृष्ट अन्न व वर्णद्वेषी अपमान यांविरुद्ध उभे राहिलेले अनेक जण नोकरीला मुकले. त्यांपैकी बी. सी. दत्त यांनी आपला अनुभव 1971 मध्ये ग्रंथरूपाने मांडला, आणि कुलाब्यात आता उठावाचे स्मारक आहे. परंतु नोकरी गेल्यावर गावी परतलेल्यांच्या घरांनी पुढची वर्षे कशी काढली याविषयी फार थोडे लिहिले गेले.

हे काम आता मौखिक इतिहासाच्या पद्धतीने, म्हणजे सांगणाऱ्याच्या आवाजात आठवण नोंदवून, तारखा व ठिकाणे कागदपत्रांशी ताडून, करावे लागेल. नौदलाशी नाते असलेल्या घरांनी जुन्या छायाचित्रांमागे व्यक्तींची नावे, जहाज आणि वर्ष लिहून ठेवावे, पत्रे पाकिटांसकट जपावीत कारण टपालाचा शिक्का हाही पुरावा असतो, आणि घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांच्या आठवणी त्यांच्या बोलीतच ध्वनिमुद्रित करून त्यांची एक प्रत जवळच्या ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाला द्यावी.