मातेच्या दुधातील सूक्ष्म खनिजे
बाळ फिकट दिसू लागले की मातेच्या दुधाला बोल लावला जातो. तो बहुधा अन्यायाचाच असतो. या दुधात लोह मुळातच अल्प, लिटरमागे सुमारे ०.३ मिलिग्रॅम, मातेच्या आहाराने ते फारसे वाढत नाही. बाळाची भिस्त असते जन्मतः शरीरात साठलेल्या लोहावर. म्हणूनच प्रसूतीनंतर नाळ बांधण्यापूर्वी एक ते तीन मिनिटे थांबणे हितावह ठरते. तेवढ्यात वारेतील रक्त बाळास मिळते. जस्त चिकात विपुल असते, पुढे झपाट्याने घटते. सहा महिन्यांनंतर ही दोन्ही खनिजे वरच्या आहारातूनच मिळावयास हवीत.

आयोडीनचे मात्र निराळे आहे. ते मातेच्या आहारावरच अवलंबून असते. स्तनदा मातेची दैनिक गरज २५० मायक्रोग्रॅम. आयोडीनयुक्त मीठ ओलसर जागी उघडे ठेवल्यास त्यातील आयोडीन उणावते.